सईदाला मी काय सांगितलं

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. अम्मी गेली तेव्हा शेवटचे दोन दिवस तिच्या उशाशी बसून होते. ओठांपर्यंत आलं होतं, पण तेव्हाही नाही सांगितलं. मग तुम्हालाच का सांगतेय? खरंच ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखणारी सगळी माणसं मला चांगली बाई समजतात, आणि मी त्यांना तसं समजू देते.

आता मी पुन्हा जेद्दात असते. शराफिया भागातल्या एका दुकानात कोकम, सुके बोंबील, आपल्याकडचा मसाला मिळतो. तिथे आमच्या रायगड-रत्नागिरीकडच्या बायका भेटतात. एखादी दुसरीला माझी ओळख करून देते, "ही नसरीन. सीमेवर होती बरं का, लढाईतल्या जखमींची सेवा केलीय हिने." ती दुसरी माझा हात हातात घेते. मी मान खाली घालते. त्यांना तो विनय वाटतो.

पण असं नको. सुरुवातीपासून सांगते.

मी श्रीवर्धनची. मराठी शाळेत शिकले, नर्सिंग केलं, लग्नानंतर जेद्दाला आले आणि इथल्या एका खासगी रुग्णालयात अकरा वर्षं काढली. अरबी तिथेच शिकले, रुग्णांच्या पलंगाशेजारी उभी राहून. मग एका मदत संस्थेला अरबी बोलणाऱ्या नर्स हव्या होत्या. जिझानच्या दक्षिणेला, येमेनच्या सीमेजवळ त्यांचं छोटं रुग्णालय होतं. पलीकडे सुरुंगावर पाय पडलेली, गोळे लागलेली माणसं सीमेच्या फाटकातून रुग्णवाहिकेने तिथे यायची. मी गेले. का गेले? चांगलं काम करावंसं वाटलं, हे खरं आहे. ते खोटं नव्हतं, एवढं तरी मला ठेवू द्या.

रोजचं आयुष्य तसं साधंच होतं. सकाळी सहाला गाडी यायची. आधी सुरक्षेची बैठक — फाटक आज उघडं की बंद, डोंगरापलीकडे काय चाललंय, सायरन वाजला तर कुठे जायचं. खिडक्यांच्या काचांना चिकटपट्ट्यांच्या फुल्या मारलेल्या होत्या. तोफांचा आवाज लांबून यायचा. कपाटातल्या बशा किणकिणल्या की आम्ही क्षणभर थांबायचो आणि पुन्हा कामाला लागायचो. घामाने कपडे अंगाला चिकटायचे. मलमपट्ट्या, सलाइन, फाटकावरून आलेल्या याद्या, नावं विचारून लिहिणं. रुग्णांसोबत नातेवाइकांना सोडत नसत, त्यामुळे येणारा प्रत्येक जण एकटाच यायचा.

सर्जन होते डॉक्टर माने, सांगलीकडचे. पन्नाशी ओलांडलेला शांत माणूस. आठवड्यातून दोनदा माझ्या हातचा सोलकढी-भात जेवायचे. त्यांना अरबी येत नव्हतं. ते मला मराठीत सांगायचे, मी रुग्णाला अरबीत. रुग्ण मला अरबीत सांगायचा, मी डॉक्टरांना मराठीत. आमच्या मराठीतलं एक अक्षरही त्या खोलीत दुसऱ्या कुणाला कळत नसे — आणि याची आम्हा दोघांना इतकी सवय झाली होती की रुग्णासमोरच आम्ही काहीही बोलायचो.

आणि बुश्रा. बुश्रा वॉर्डात सफाईला होती. मूळची पलीकडचीच, लहानपणी बापाबरोबर इकडे आलेली. तिचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, एका सफाई कंपनीच्या नावावर होता. माझं अरबी शहरातलं. डोंगरातल्या बायका बोलायला लागल्या की अर्धं माझ्या डोक्यावरून जायचं. बुश्रा फरशी पुसता पुसता हळूच सांगायची, "सिस्टर, ती दुखतं म्हणत नाहीये, ती जळतं म्हणतेय." दुखण्याची किती तरी नावं मला तिने शिकवली. ती नसती तर मी तिथे महिनाभरही टिकले नसते.

तिची आई सीमेपलीकडे होती. बुश्राला स्वतःच्या फोनवरून तिकडे फोन करायची भीती वाटायची. लढाई चाललेली, कोण कुणाशी बोलतंय यावर लक्ष होतं, परक्या माणसाचा इकामा केवढासा. म्हणून शुक्रवारी दुपारी ती माझ्या खोलीवर यायची आणि माझ्या फोनवरून आईशी बोलायची. पाच मिनिटं. शेळी व्यायली का, गुडघा कसा आहे, असलंच काहीतरी. मी शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालायचे. नंबर माझ्या फोनमध्ये देवनागरीत ठेवला होता, 'बुश्राची आई'. तो तिथे कुणालाच वाचता येणार नाही म्हणून तिला फार हायसं वाटलं होतं. फोन परत देताना ती तो दोन्ही हातांनी द्यायची.

बघा — मी अजून त्या दिवसाकडे आलेच नाही. मला माहीत आहे मी काय करतेय.

सईदा बुधवारी संध्याकाळी आली. पस्तिशीची असेल. गुरांना चारा कापायला गेली असताना सुरुंगावर पाय पडला होता. फाटकापर्यंत पोचायला तीन दिवस लागले होते. उजवं पाऊल जवळजवळ नव्हतंच आणि नडगीपर्यंत काळं पडत चाललं होतं. अंगात ताप होता, पण शुद्ध पूर्ण होती. डोळे कसे लख्ख. तिने पहिल्यांदा मलाच विचारलं, "तू इथली आहेस?" मी म्हटलं, नाही, हिंदुस्थानची. "मग तूही घर सोडून आलीस," ती म्हणाली, आणि माझ्या मनगटावर हात ठेवला.

गुरुवारी सकाळी दहाला डॉक्टरांनी पाय पाहिला आणि मला मराठीत सांगितलं, "नसरीन, गुडघ्याखाली कापावा लागेल. विष वर चढतंय. पण लगेच नाही, एक वाजेपर्यंत थांबू शकतो. तिला नीट समजावून सांग, वेळ घे. तिचं हो आल्याशिवाय मी हात लावणार नाही."

मी सईदाजवळ बसले. मी तोंड उघडायच्या आतच तिने ओळखलं. म्हणाली, "साफ करा, टाके घाला, काय हवं ते करा. पण कापू नका. माझं घर रस्त्यापासून दोन तास वर आहे. पाय नसला तर मला तिथे कोण चढवणार? आणि कापायचाच असेल तर आधी माझ्या भावाशी बोलू द्या. मला विचारल्याशिवाय कापू नका. मरेन, पण विचारा."

भावाला निरोप गेला होता. तो डोंगर उतरून रस्त्यावर आला की तिथे फोनला रेंज मिळते. दुपारपर्यंत त्याचा फोन येईल, असं ती म्हणाली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलेय की मी तिचा जीव वाचवायला तसं केलं. विष चढत होतं, ती अडून बसली होती, वाट बघितली असती तर मेली असती. किती छान वाटतं हे, नाही? तुम्हालाही पटलं असतं. पण डॉक्टरांनी एक वाजेपर्यंतची मुदत दिली होती आणि तेव्हा अकरा वाजले होते. दोन तास होते माझ्याकडे. सईदा मूर्ख नव्हती. भाऊ बोलला असता, मी बोलले असते, बुश्रा तिच्या बोलीत बोलली असती. सईदाने बहुतेक हो म्हटलं असतं. नसतं म्हटलं, तर तो तिचा पाय होता.

खरं कारण सांगते. मला दोन वाजता विमानतळावर जायची गाडी होती.

संध्याकाळी जेद्दात माझ्या सनाच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. तिचा नाच होता. आधीच्या दोन वेळा मी शब्द देऊन गेले नव्हते. दुसऱ्या वेळी ती फोनवर रडली नाही, भांडली नाही, नुसतं म्हणाली, "इट्स ओके मम्मी, यू आर बिझी." आठ वर्षांच्या पोरीचं ते ओके माझ्या छातीत रुतून बसलं होतं. रुग्ण एक वाजता आत गेला तर सोपवासोपवी, कागद, औषधांचा हिशेब यात तीन वाजले असते. विमान चुकलं असतं.

एवढंच होतं. याहून मोठं काही नव्हतं.

अरबीत पाय कापण्याला 'बतर' म्हणतात. तो शब्द वॉर्डातल्या प्रत्येकाला कळायचा, त्या शब्दाने बायका किंचाळायच्या. आणि 'तनझीफ' म्हणजे साफसफाई. जखम साफ करणं तेही तनझीफ, आणि बुश्रा फरशी पुसायची तेही तनझीफ. मी सवाअकराला सईदाजवळ गेले, तिचा हात धरला आणि म्हटलं, "डॉक्टर कापणार नाहीत. तनझीफ करतील. खराब झालेलं तेवढं काढतील. तू झोपशील, उठशील. भावाशी नंतर बोल."

"वल्लाह?" तिने विचारलं. शपथ?

"वल्लाह," मी म्हटलं.

तिने कागदावर अंगठा दिला. खाली 'रुग्णाला तिच्या भाषेत समजावून सांगितले' या ओळीपुढे मी सही केली. तेव्हा बुश्रा शेजारच्या पलंगाची चादर बदलत होती. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, सिस्टरचा शब्द चुकला — नेहमीसारखा. ती दुरुस्त करायला तोंड उघडणार होती. मी तिच्याकडे पाहून मान हलवली. नको. आणि ती गप्प बसली. माझ्यावर विश्वास होता तिचा.

दारात डॉक्टरांनी विचारलं, "नीट सांगितलंस ना?"

"हो सर. तयार आहे ती."

सईदाला आत नेताना ती शांत होती, माझ्याकडे बघून जरा हसलीसुद्धा. पाय जाणार हे ऐकलेली बाई अशी हसत आत जाते? डॉक्टरांना दिसलं नसेल? पंचवीस वर्षं शस्त्रक्रिया केलेला माणूस तो. मला वाटतं, त्यांना दिसलं. पण मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि त्यांना दिसलं असलं तरी माझ्या वाट्याचं त्याने तसूभरही कमी होत नाही.

साडेबाराला वॉर्डातला फोन वाजला. सईदाचा भाऊ होता. धापा टाकत बोलत होता, डोंगर उतरून आला होता ना. मी त्यालाही सांगितलं, "तनझीफ चाललंय. काळजी करू नका." त्याने मला दुवा दिली.

दोन वाजता मी निघाले. सईदा अजून शुद्धीवर यायची होती. ती उठेल तेव्हा मी तिथे नसेन, हे गाडीत बसताना मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. स्नेहसंमेलनात मी दुसऱ्या रांगेत बसले. सना नाचताना सारखी मला शोधत होती, मी दिसले तेव्हा एक पाऊल चुकली. त्या संध्याकाळचा फोटो अजून आमच्या दिवाणखान्यात आहे. मी त्याच्याकडे बघत नाही.

रविवारी सकाळी परत आले. सईदा भिंतीकडे तोंड करून पडली होती. गुरुवारपासून तिने अन्न घेतलं नव्हतं. मी जवळ गेले तशी ती वळली. ओरडली नाही. म्हणाली, "डॉक्टर परका आहे, त्याला माझं बोलणं कळत नाही. तुला कळत होतं. तू माझ्या भाषेत शपथ घेतलीस." मग पुन्हा भिंतीकडे वळली. त्यानंतर तिने माझ्या हातून पाण्याचा थेंबही घेतला नाही.

तिच्या भावाने फाटकावर तक्रार केली. आठवड्याने संस्थेच्या मुख्य कार्यालयातून दोन माणसं चौकशीला आली. त्यांनी आधी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर म्हणाले, मी स्पष्ट सूचना दिली होती, मी सिस्टरवर विसंबलो. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. तरी ते ऐकून मला वाटलं — माझ्या हातचं खाल्लेला, माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारा माणूस, आणि यानेही मला एकटीला पुढे केलं? दगा दिला, असं वाटलं मला. मला! सईदाला अंधारात ठेवून आत पाठवणाऱ्या बाईला दगा झाल्याचं दुःख झालं होतं.

मग मला बोलावलं. मी म्हटलं, मी सगळं सांगितलं होतं, 'बतर' हाच शब्द वापरला होता, तापात तिच्या लक्षात राहिलं नसेल. ते दोघे मान डोलवत होते. मग त्यातला एक म्हणाला, "पण सफाईवाली वेगळं सांगते. तिने तनझीफ ऐकलं, तुम्ही शपथ घेतलीत तेही ऐकलं."

म्हणजे बुश्रा बोलली होती. तिला कुणी बोलवलं नव्हतं, ती आपणहून गेली होती. इकामा दुसऱ्याच्या हातात असलेली बाई — ती गेली आणि खरं सांगून आली.

इथे मी म्हणू शकले असते की तिचा ऐकण्यात घोटाळा झाला. तेवढ्यावर भागलं असतं. माझा शब्द सिस्टरचा होता, कागदावर अंगठा होता. एवढ्यावर त्यांनी प्रकरण मिटवलंही असतं. मग पुढचं मी का बोलले? मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही इथवर वाचत आलात, तर हेच ते. सईदाचं मी केलं ते घाईत, एका दुपारी. हे मी शांतपणे केलं, थंड खोलीत, खुर्चीवर बसून, समोर चहा ठेवलेला असताना.

मी म्हटलं, "बुश्रा पलीकडचीच आहे. सईदाच्या बाजूने बोलणारच ती. आणि — मला सांगायला बरं वाटत नाही — ती सीमेपलीकडे फोन करते. दर आठवड्याला. लपून."

त्यांचे चेहरे बदलले. कुणाला फोन करते, हे त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

माहीत नाही. मी घड्या घालत शेजारी बसायचे. तिच्या आईच्या शेळीचं नावसुद्धा मला माहीत होतं.

तिथे तेवढं पुरे होतं. संस्थेने सफाई कंपनीला कळवलं, कंपनीने परवाना कचेरीला. चार दिवसांत बुश्राला फायनल एक्झिट लागला — इकामा रद्द, सीमेवर सोडायचं, परत यायचं नाही. जिथे सुरुंग पेरलेत, जिथून सईदा आली, तिथे. सहाव्या वर्षी तो देश सोडलेली बाई. माझ्या चौकशीच्या कागदावर मात्र शेरा आला: कार्यपद्धतीचे पालन झाले आहे.

जायच्या दिवशी सकाळी ती माझ्या खोलीच्या दारात आली. हातात कापडी पिशवी होती. माझं नाव तिला कुणी सांगितलं नव्हतं, चौकशीतलं बोलणं गुप्त होतं. पण त्या फोनांबद्दल साऱ्या जगात एकाच माणसाला माहीत होतं. मला वाटलं, ती शिव्या देईल. थुंकेल. मी मनातल्या मनात तयारी केली होती — अम्मीची शपथ, मी नाही सांगितलं, असं म्हणायचं ठरवलंही होतं. होय, तेही ठरवलं होतं.

ती म्हणाली, "फोन दे."

मी दिला. तिला देवनागरी वाचता येत नव्हतं. तिने फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाली, "माझ्या आईचा नंबर कुठला, दाखव." मी बोट ठेवलं. नंबर कसा पुसतात ते तिने विचारलं. मी सांगितलं. तिने स्वतः पुसला, पुन्हा वर-खाली सरकवून पाहिलं, आणि फोन मला परत दिला. दोन्ही हातांनी. मग गाडीकडे गेली. मी शपथ घेतली नाही. तिने संधीच दिली नाही.

ती आता कुठे आहे, मला माहीत नाही. ती आईपर्यंत पोचली का, तेही माहीत नाही. फाटकावरच्या ड्रायव्हरांना मी विचारू शकले असते. विचारलं नाही.

सईदा जगली. हे मी आत्तापर्यंत मुद्दाम लिहिलं नाही, कारण ते आधी कळलं असतं तर तुमचं मन माझ्याबद्दल मऊ झालं असतं. जखम भरल्यावर ती गेली, आणि सात महिन्यांनी कृत्रिम पाय बसवायला परत आली. गालावर मांस चढलं होतं. मला बघून तिने तंत्रज्ञाला खूण केली: ही नको, दुसरी कुणीतरी बोलणारी आणा. दुसरं कुणी नव्हतं. शेवटी जेद्दाच्या कार्यालयातल्या एका बाईला फोन लावला, फोन टेबलावर ठेवला, आणि त्यातून ती बाई सईदाशी बोलत राहिली. मी तिथेच उभी होते. सगळं मला कळत होतं आणि मी एक अक्षर बोलत नव्हते. मग कापलेल्या भागावर मऊ मोजा चढवायचा होता. तो चढवायला मी तिच्यासमोर खाली बसले.

तेव्हा फोन बंद झाला होता. तंत्रज्ञ पट्टा आणायला आत गेला होता. सईदा वरून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मी उठले तेव्हा जी बाई माझ्याजवळ बसली होती, सफाईवाली. रात्रभर माझं डोकं मांडीवर घेऊन बसली होती ती. कुठे आहे?"

मी मोज्याची घडी नीट करत राहिले.

"तिचं लग्न ठरलं," मी म्हटलं. "नोकरी सोडून गेली. सुखात आहे."

सईदाचा चेहरा उजळला. अलहम्दुलिल्लाह, ती म्हणाली. पहिल्यांदा माझ्या खांद्यावर हात ठेवून, माझ्या आधाराने ती उभी राहिली.